लाल दोऱ्याच्या अलीकडे

दूध उतू जाऊ नये म्हणून श्यामसुंदर पातेल्याकडे बघत उभे होते, तेवढ्यात मागे गॅलरीत काहीतरी फडफडलं. त्यांनी मान वळवली नाही. दूध वर येईपर्यंत नजर हलवायची नाही ही मंदाकिनीची शिस्त, आणि ती गेल्यापासून तिच्या शिस्ती ते तिच्यापेक्षा कडकपणे पाळत होते. दूध वर आलं, त्यांनी गॅस बारीक केला. पुन्हा फडफड झाली. कबुतर असणार, असं त्यांना वाटलं आणि जरा बरंही वाटलं. आलं असेल सवयीनं आणि आपटलं असेल जाळीवर. मंदाकिनी होती तोवर एका कबुतराची त्या गॅलरीत बसायची छाती झाली नव्हती. ती शिलाई मशीनवरून न उठता नुसती टाळी वाजवायची, बांगड्यांसकट, आणि पूर्ण बिल्डिंगची कबुतरं उडायची. ती गेली आणि जणू कुणी त्यांना निरोप पोचवावा तशी कबुतरं आली. कठड्यावर बसली, मग कुंडीत, मग सरळ मशीनच्या झाकणावर. श्यामसुंदरांनीही टाळ्या वाजवून पाहिल्या. कबुतरं मान वाकडी करून त्यांच्याकडे बघायची, सभेत एखाद्यानंच टाळी वाजवली की लोक बघतात तशी. बंगळूरहून वल्लरीनं फोनवर सांगितलं होतं, बाबा, मी इथून ऑनलाइन बुक करते, माणूस येऊन जाळी लावून जाईल, तुम्ही फक्त दार उघडा. ते म्हणाले होते, जाळी आहे आपल्याकडे. कुठली, तिनं विचारलं. आईची, ते म्हणाले. मग पलीकडे मुलगी काही बोलली नव्हती आणि अलीकडे तेही.

ती जाळी, खरं तर जाळं, खडकवासल्याच्या बॅकवॉटरमधून आलं होतं. मंदाकिनीला या नादाला लावलं ते चैतालीनं. हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणारी ही मुलगी साडीला फॉल लावून घ्यायला म्हणून धायरीतल्या त्यांच्या घरी आली आणि साडी बाजूला राहून धरणातल्या कासवाबद्दल बोलत बसली. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं की आत बुडालेल्या बाभळींचे खुंट वर येतात, आणि त्या खुंटांना अडकलेली जुनी जाळी पाण्यात तशीच उभी असतात. टाकणारा विसरून गेलेला असतो, पण जाळं मासे धरायचं विसरत नाही. मासा अडकतो, त्याला खायला पाणकावळा बुडी मारतो, तोही अडकतो, मग कासव. कुणासाठीच नाही, नुसतं धरत राहतं. चैताली आणि तिची मित्रमंडळी दर रविवारी सकाळी जाऊन ही जाळी ओढून काढत, काठावर त्यांचे तुकडे करत आणि सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरून नेत. मंदाकिनी सुईत दोरा ओवता ओवता ऐकत होती. चैताली गेल्यावर म्हणाली, अहो, रविवारी मला जरा तिकडे सोडाल का? श्यामसुंदरांनी विचारलं, तुला पोहता कुठं येतं? ती म्हणाली, पोहायला नाही, गुंता सोडवायला बोलावलंय. तो मला येतो.

तेव्हापासून रविवार ठरून गेला. स्कूटरवर मागे मंदाकिनी, तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत थर्मास, सेफ्टी पिना आणि कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. टाके उसवायला ती आयुष्यभर अर्धंच ब्लेड वापरत आली होती, अख्खं हातात माजतं म्हणायची. तिथे पोचलं की ती साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरायची आणि श्यामसुंदर काठावरच्या एका चपट्या दगडावर पेपर घेऊन बसायचे. त्यांनी कधी पाण्यात पाय घातला नाही. त्यांची सगळी नोकरी महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात गेली होती. लांब चावी घेऊन पेठेतल्या गल्ल्यांतून हिंडायचं, रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडायचं आणि व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडायचं. ज्या पाण्यासाठी बायका घागरी घेऊन आपली वाट बघत होत्या त्या पाण्यात पाय बुडवणं त्यांना जमत नसे. पिण्याचं पाणी आहे ते, एवढंच ते म्हणत. ती पाण्यातून ओरडून म्हणायची, बघा हं, उद्या तुमच्या चहात माझे पाय येतील. तरुण पोरं हसायची. होडीवाले बापूराव, तिथल्याच गावचे, ज्यांची होडी ही मंडळी खोल पाण्यासाठी घेत, त्यांनी श्यामसुंदरांचं नावच काठावरचं सायेब पाडलं होतं. आलं का आमचं काठावरचं सायेब, म्हणायचे. बसा, दगूड पुसून ठिवलाय.

दगडावरून पेपरातलं फारसं काही वाचून होत नसे, कारण मधूनच मंदाकिनी पाण्यात सरळ उभी राहून काठाकडे बघायची आणि हात वर करायची. यांना वाटायचं, काहीतरी हवंय. हे उठायच्या तयारीनं पेपर वर करायचे. मग ती हात खाली घेऊन परत वाकायची. घरी आल्यावर ते विचारायचे, काय हवं होतं ग? ती म्हणायची, काही नाही, आहात का बघत होते. तेव्हा त्यांना या बोलण्याची गंमत वाटायची. दोन मैल चालून कुठं जाणार होतो मी? स्कूटरची किल्ली तुझ्या पिशवीत.

तिसऱ्यांदा फडफड झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हा आवाज कबुतराचा नाही. कबुतराची फडफड जाड असते, सतरंजी झटकल्यासारखी. ही बारीक होती, कागद चुरगाळावा तशी, आणि थांबत होती, परत सुरू होत होती, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी वेळ चालत होती. बाहेर शेवग्यावर कुणीतरी चिवचिव करत होतं, एकसारखं, रागानं. श्यामसुंदरांनी गॅस बंद केला आणि ते गॅलरीत आले. आधी त्यांना काही दिसलंच नाही. जाळं तंगुसाचं होतं, पारदर्शक नायलॉनचं, उजेड समोरून आला की ते नसल्यासारखंच होई; त्याचं त्यांना कौतुकही होतं, बाजारातल्या हिरव्या जाळीसारखं तुरुंगात बसल्याचं वाटत नाही म्हणून. मग दिसला तो जाळ्यात गाठ मारलेला मंदाकिनीचा लाल दोरा, आणि दोऱ्याला लागून हवेत टांगलेलं, त्यांच्या अंगठ्याएवढं, पिवळट पोटाचं एक पाखरू. पंख एका बाजूनं उघडलेला, मान तिरकी, चोच उघडी. चोच लांब आणि बाकदार. ते पाखरू त्यांनी ओळखलं.

दर वर्षी होळीच्या आगेमागे ती जोडी यायची. नर काळा, उन्हात जांभळा चमकणारा, कामाचा अजिबात नाही, शेवग्यावर बसून नुसता आरडाओरडा करायचा. मादी ही अशी, रंग नसलेली, आणि सगळं घरटं तिच्या अंगावर. चैतालीनं सांगितलं होतं, काकू, हा शिंजीर. मंदाकिनीनं दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, म्हणजे आमच्यासारखंच की. गॅलरीतल्या दिव्याच्या वायरला घरटं लोंबायचं, पिशवीसारखं, काड्या, कोळ्याची जाळी, वाळकी पानं आणि मंदाकिनीच्या मशीनखालचे दोरे. ती मशीनखाली झाडायची नाही त्या दिवसांत. कुठल्या बाईच्या कुठल्या साडीचा फॉल कुठल्या रंगाचा होता ते त्या घरट्यावरून सांगता आलं असतं. पहिल्या वर्षी श्यामसुंदर म्हणाले, केर काढ की. ती म्हणाली, तिचा माल पडलाय, तो तिला उचलू दे. गेल्या वर्षीचं घरटं अजून वायरला होतं, वाळून कडक झालेलं. जाळं लावताना त्यांनी ते मुद्दाम आत ठेवलं होतं. पाखरू बारीक आहे, चार बोटं जातील एवढं एक एक घर आहे जाळ्याचं, ते आरामात आत येईल आणि कबुतर बाहेर राहील, असा त्यांनी सरळ हिशेब केला होता. पण मादी जाळ्यातून जायला आलीच नसावी. ती लाल दोऱ्याला आली होती. तो ओढून न्यायला.

त्यांनी हात पुढे केला आणि पाखरानं सगळा जीव एकवटून धडपड केली, तसा आणखी एक फेरा पंखाला बसला. त्यांनी हात मागे घेतला. हे जाळं त्यांनी स्वतः उकललं होतं, घर न् घर, आणि स्वतःच्या हातानं कठड्याच्या हुकांना बांधलं होतं. खालच्या मजल्यावरचे सुदर्शनराव तेव्हा वर बघत म्हणाले होते, छान, आता पाऊस पडला की मासे थेट गॅलरीत. तेवढं ते बोलले आणि आत गेले. श्यामसुंदरांना त्या बोलण्याचा राग आला नव्हता. उलट मंदाकिनीला हे सांगायला हवं असं वाटलं होतं, आणि ते वळलेही होते.

तिचं ते शेवटचं जाळं. पावसाळ्याच्या तोंडावर, पाणी अगदी तळाला गेलं होतं त्या रविवारी, तिनं आणि चैतालीनं मिळून चिखलातून एक भला मोठा गोळा ओढून काढला. बाकीच्यांनी कात्र्या काढल्या. नियम तसाच होता, काठावरच तुकडे करायचे, नाहीतर कुणी तेच परत पाण्यात टाकतं. मंदाकिनी म्हणाली, हे मी घरी नेते, उकलते आणि मग कापून आणून देते. चैताली म्हणाली, काकू, कापायचंच आहे तर उकलायचं कशाला? मंदाकिनी म्हणाली, गुंता कापला तर गुंत्याचे तुकडे होतात. जाळं कापलं तर जाळ्याचे. यात अर्थ होता की नव्हता हे कुणालाच ठरवता येईना. श्यामसुंदर तर लग्नापासून या जागी अडकलेले होते. स्कूटरच्या पायाशी चिखलाचा तो गोळा बादलीत घालून ते घरी आले. वासानं जिन्यात मांजरं गोळा झाली. ती रोज दुपारी मशीनचं काम संपवून गॅलरीत बसायची, पाटावर, पायांत बादली, आणि सेफ्टी पिनेनं एक एक गाठ सैल करायची. ओढायचं नाही, असं ती त्यांना न विचारता सांगायची, ओढलं की गाठ मेलीच. ढिलं करायचं, तिला वाटलं पाहिजे आपणच सुटतोय. उठताना जिथवर उकललं तिथे लाल दोऱ्याची एक साधी गाठ मारून ठेवायची. फॉलचं काम अर्धं सोडून उठतानाही ती असंच करायची, म्हणजे परत बसल्यावर शोधावं लागत नाही. रोज दोरा पुढे सरकायचा. मग एका दिवशी तिला ताप आला, अंगावर काढला, दवाखान्यात नेलं आणि ती तिथून घरी आली ती बोलायला नव्हती. दोरा तिथंच राहिला.

बाराव्या-तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांनी बादलीला नाकं मुरडली. कुणीतरी ती उचलून खाली न्यायलाही निघालं होतं. श्यामसुंदर एवढंच म्हणाले, राहू दे. सगळे गेले आणि घर मोकळं झालं, तेव्हा एका दुपारी ते पाटावर बसले. पहिले कितीतरी दिवस त्यांना एक गाठ सुटेना. लोखंडी व्हॉल्व्हची सवय असलेले हात, जोर लावायची सवय. मग हळूहळू हातांना कळलं. गाठीच्या कडेनं पिनेचं टोक घालायचं, जरा हलवायचं, थांबायचं. थांबल्यावर काहीतरी आपोआप सैल व्हायचं. गोळ्यातून वाळलेले मासे निघाले, काटे निघाले, एक शिंपला, कुणाच्या तरी पायातल्या चपलेचा अंगठा. ते ते सगळं कुंडीत टाकत गेले. लाल दोरा त्यांनी पुढे सरकवला नाही. तो तिचा. त्याच्या अलीकडचं तिनं सोडवलेलं, पलीकडचं यांनी. थंडी पडायला लागली तेव्हा बादली रिकामी झाली आणि सबंध गॅलरीभर ते अंथरलं, धुतलं, उन्हात वाळवलं, आणि ते कापून चैतालीला नेऊन द्यायचा दिवस आला तेव्हा त्यांच्यानं ते झालं नाही. मग कबुतरांचं निमित्त सापडलं. निमित्तच होतं ते, हे त्यांनाही ठाऊक होतं. सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसलं की ऊन जाळ्यातून यायचं आणि लाल दोरा तेवढा हवेत दिसायचा, आणि त्यांना वाटायचं, आहे.

आता त्या दोऱ्याशी पाखरू लटकत होतं. त्यांनी आत जाऊन पिन आणली. तिच्याच पद्धतीनं करू, घाई नको, ढिलं करू. मानेजवळच्या फेऱ्यात त्यांनी पिनेचं टोक घातलं. पाखराचं सगळं अंग त्यांच्या बोटांवर धडधडत होतं, एवढ्याशा अंगात एवढा मोठा धडधडाट कसा मावतो असा. फेरा जरा सैल झाला आणि पाखरू हललं, तसा पंखातला आवळला. त्यांनी पंखाकडे पिन नेली, तशी मान अडकली. जाळ्याला श्वास नव्हता म्हणून ते थांबून सैल होत होतं. हे जिवंत होतं, ते थांबायला तयार नव्हतं. चोचीतून आवाज येईनासा झाला होता. बाहेरचा नर मात्र शेवगा डोक्यावर घेत होता. श्यामसुंदरांनी एका हातानं खिशातला फोन काढला आणि चैतालीचं नाव दाबलं.

ती ऑफिसच्या बसमध्ये होती. त्यांनी काय झालं ते सांगितलं, जाळं कुठलं तेही सांगितलं. ती रागावेल असं त्यांना वाटलं, आणि ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"काका, आधी तिच्यावर मऊ कापड टाका. अंधार झाला की ती शांत होईल. आणि उकलत बसू नका. कापा."

"तिनं उकललेलं आहे ग ते."

"मला माहितीय काका."

"दोऱ्याच्या अलीकडचं आहे. तिच्याकडचं."

"काका," चैताली म्हणाली, आणि मागे बसमधल्या कुणाला तरी तिनं गप्प बस म्हटलं. "काकू असत्या तर आतापर्यंत कापून मोकळ्या झाल्या असत्या. तुम्ही त्यांना उकलताना बघितलंय, कापताना नाही बघितलं. पाण्यात जिवंत काही मिळालं की त्या सगळ्यात आधी ब्लेड काढायच्या. कासवाच्या मानेला अडकलेलं आम्हाला हात लावू द्यायच्या नाहीत. आणि शिव्या द्यायच्या जाळ्याला."

"शिव्या?"

"बऱ्याच. प्लीज, कापा आता."

त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं. दगडावरून ऐकू येत नव्हतं. त्यांनी पेपर आणि पाणी यांच्यामधलं अंतर आठवून पाहिलं, आणि मंदाकिनी, जिनं घरात कधी मांजरालाही वाकडा शब्द ऐकवला नाही, ती गुडघाभर पाण्यात उभी राहून एका नायलॉनच्या जाळ्याला शिव्या देतेय असं चित्र त्यांच्यासमोर उभं राहिलं. कुठल्या देत असेल? त्यांना हसू आलं, अशा वेळी, आणि हसतच फोन स्पीकरवर टाकून त्यांनी तो मशीनवर ठेवला. मशीनच्या खणात कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड होतं तसंच होतं. मशीनवरचा फॉलच्या कापडाचा एक मऊ तुकडा त्यांनी पाखरावर टाकला, तळहातात कापडासकट ते हलकं धरलं. धडधड चालू होती, पण झटापट थांबली. मग त्यांनी मानेजवळचा धागा कापला. तंगूस तुटताना अगदी बारीक टक असा आवाज आला. दुसरा कापला. पंखाखालचा कापताना त्यांना डोळे बारीक करावे लागले, कारण पंखाची पिसं कुठली आणि नायलॉन कुठलं ते कळेना. एक फेरा पायाला होता, तो पायात रुतला होता, तिथे त्यांनी श्वास धरला. कापत कापत ते लाल दोऱ्यापर्यंत आले. पाखराची नखं दोऱ्यातच होती, घट्ट. एवढं होऊनही त्यानं तो सोडला नव्हता. श्यामसुंदरांनी दोऱ्याच्या दोन्ही बाजूंचं जाळं कापलं. अलीकडचं आणि पलीकडचं, दोन्हीला एकच आवाज झाला.

कापड त्यांनी कठड्यावर उघडलं. पाखरू तसंच पडून राहिलं. चोच उघडी, डोळा उघडा. चैताली अजून फोनवरच होती; ती म्हणाली, पाणी पाजू नका, हात लावू नका, नुसते जवळ थांबा. ते थांबले. दवाखान्यातही ते असेच थांबले होते, हात लावू नका म्हटल्यावर, काचेच्या दाराबाहेर. तिथे त्यांना कापायला कुणी काही दिलं नव्हतं. त्यांनी पाखराकडे बघत मनातल्या मनात एकच गोष्ट चालवली होती, ते उठ म्हणत नव्हते, तेवढं मागायची त्यांची हिंमत नव्हती. ते म्हणत होते, सावकाश, कुणाला घाई नाही. मग पाखरानं मान फिरवली. एक पंख झटकला, मग दुसरा, नखातल्या दोऱ्याकडे तिरकं बघितलं, तो टाकला, आणि ते कठड्यावरून सुटलं, आधी खाली, सुदर्शनरावांच्या तुळशीपर्यंत, आणि तिथून वर शेवग्यात. नराची चिवचिव बंद झाली. एवढी शांतता झाली की स्वयंपाकघरात दुधावर साय धरत असेल तीही ऐकू यावी.

"गेली," ते फोनमध्ये म्हणाले.

"उडत?"

"उडत."

चैतालीनं नाक ओढलं. बसमध्ये सर्दी झाली असेल.

मग त्यांनी उरलेलं जाळं हुकांवरून सोडवलं. पाटावर बसून, पायांत बादली घेऊन, त्यांनी त्याचे तुकडे केले, तळहाताएवढे, नियमाप्रमाणे. ते कापताना वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं आणि वाटलंही, पण ज्याची भीती होती ते हे नव्हतं. भीती वाटत होती की हातात काही उरणार नाही. आणि हात तर तिचंच काम करत होते, पाट तिचा, बसणं तिचं, ब्लेड धरायची पद्धत तिची, अंगठा वर ठेवून. उकलताना तरी ते तिच्यासारखे बसले होते का? त्यांना आठवेना. मधेच एक म्हातारं कबुतर येऊन कठड्यावर बसलं आणि जाळं गेल्याचं बघून मशीनच्या झाकणाकडे निघालं. श्यामसुंदरांनी मान वर न करता तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली. कबुतर उडालं. त्यांना स्वतःचंच आश्चर्य वाटलं. टाळी नव्हे तर ही युक्ती होती होय!

लाल दोऱ्याचे त्यांनी अगदी बारीक तुकडे केले, पेराएवढे, म्हणजे कुणाच्या पायात गुंतायला नको, आणि मशीनखाली टाकले. सायंकाळी वल्लरीचा फोन आला. जाळी काढली, ते म्हणाले. का, तिनं विचारलं. तुझ्या आईला आवडली नसती, ते म्हणाले. मुलगी हसली आणि मग रडली, आणि या वेळी दोघंही गप्प न बसता बरंच काही बोलले, कबुतरांबद्दलच, पण बोलले. रविवारी सकाळी निघण्यापूर्वी त्यांनी मशीनखाली बघितलं. दोऱ्याचे तुकडे नव्हते. मोलकरीण आदल्या दिवशी येऊन गेली होती. तिनं केर काढला होता की नाही, हे श्यामसुंदरांनी तिला कधी विचारलं नाही.

बॅकवॉटरचं पाणी बरंच उतरलं होतं. बाभळींचे खुंट वर आले होते. श्यामसुंदर आलेले बघून मंडळी जरा थबकली. मंदाकिनी गेल्यापासून ते इकडे फिरकले नव्हते. बादलीतले तुकडे त्यांनी चैतालीसमोर पोत्यात ओतले. तिनं मूठभर हातात घेऊन पाहिले आणि काही न बोलता पोत्याचं तोंड बांधलं. बापूरावांनी होडीतूनच दगडाकडे हात केला. बसा सायेब, म्हणाले, जागा तुमचीच हाय, कुनी घेतली न्हाई. श्यामसुंदरांनी चपला काढल्या. त्या दगडावर ठेवल्या, चपलांवर घडी घातलेला पेपर ठेवला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. चिखल बोटांमधून वर आला, थंड आणि मऊ, आणि मग पाणी. नोकरीभर सोडलेलं पाणी घोट्यांना लागलं, पोटऱ्यांना लागलं. त्यांनी मनात क्षमा मागितली, पेठेतल्या सगळ्या घागरींची. मग त्यांना आठवलं की हे पाणी आपण कितीतरी वर्षं तिच्या पायांसकट पीत आलो आहोत आणि आपल्याला काही झालेलं नाही.

"सायेब पाण्यात," बापूराव म्हणाले. "आज धरन फुटतंय."

एका खुंटाला जाळं होतं. चैतालीनं एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. ओढताना आत काहीतरी जड हललं; जिवंत होतं. एक मोठा मासा, कल्ल्यांपर्यंत गुंतलेला, अंग घासून पांढरं पडलेलं. त्यांनी वाट पाहिली नाही. खिशातून कागद काढला, कागदातून ब्लेड. कापता कापता त्यांच्या तोंडून जाळ्याला काहीतरी गेलं, आणि चैतालीनं चमकून बघितलं आणि खाली मान घालून ती हसू दाबत राहिली. मासा सुटला तेव्हा त्यानं शेपटीचा असा फटका दिला की दोघांच्याही चष्म्यांवर पाणी उडालं.

चष्मा पुसून श्यामसुंदर सरळ उभे राहिले. कंबर भरून आली होती. त्यांनी काठाकडे पाहिलं. पाण्यातून काठ असा दिसतो हे त्यांना माहीत नव्हतं. सूर्य काठाच्या मागून वर येत होता, त्यामुळे तिकडचं सगळं काळं दिसत होतं, झाडं काळी, स्कूटर काळी. दगडावर कोण बसलंय, बसलंय की नाही, चेहरा, काही म्हणजे काही कळत नव्हतं. दिसत होता तो फक्त पेपर. पांढरा, उन्हात झळकणारा, एवढाच. मग एवढ्यासाठी ती हात वर करायची. पेपर हलला की तिला कळायचं.

त्यांनी हात वर केला. वारा नव्हता. पेपर चपलांवर होता तसाच राहिला. त्यांनी हात खाली घेतला नाही.

"काका, काय हवंय?" चैतालीनं मागून विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "आहे का बघत होतो."